कावेरीला न दिसलेली अरुंधती

मंडळी, एक विचारतो. शंभर तोंडं 'आहे' म्हणतात आणि एकच 'नाही' म्हणतं — तर संशय कुणावर घ्यायचा? त्या एकट्यावरच ना? मग ऐका!

द्वारकाबाईंच्या मुकुंदाचं लग्न. मार्गशीर्ष महिना, गोरज मुहूर्त. सप्तपदी झाली, अंधार पडला. शिवरामभटजींनी जोडप्याला अंगणात आणलं, उत्तरेकडे बोट केलं — "ती अरुंधती! दिसली?"

अरुंधती म्हणजे सप्तर्षींतल्या वसिष्ठाला बिलगलेली चांदणी. बारीक, मिणमिणती! पण उसना उजेड नाही हो, स्वतःच्या तेजानं जळते!

मुकुंद म्हणाला, "दिसली!" द्वारकाबाई, "दिसली!" पंगतीत एकजण पाठमोरा बसला होता, तोही ओरडला — "दिसली, वाढा आता!"

नवरी कावेरी म्हणाली, "मला नाही दिसत."

भटजी कानाशी लागले, "म्हण की गं, दिसली!"

"न दिसलेली दिसली कशी म्हणू?"

झालं! द्वारकाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. 'पोरीचे डोळे अधू! बापानं लपवलं!' दुसऱ्याच दिवशी मिणमिणत्या दिव्यात तांदूळ निवडायला दिले. कावेरीनं खडा न् खडा वेचला! मग सुटली का बिचारी? छे! संशयाला पुरावा मिळाला नाही की तो उपाशी मरत नाही मंडळी, दुसऱ्या घरी जेवायला जातो!

'डोळे तर घारीचे! मग नाही का म्हणाली? मनच नव्हतं लग्नात!'

पाणी आणायला उशीर — का? गालात हसली — का? शेवटी मुकुंदानंही विचारलं, "कावेरी, माहेरी कुणी आहे का?"

"आहे ना! आई आहे, बाबा आहेत, म्हैस आहे!"

मुकुंद हसला नाही. तेव्हा ती समजली, आणि तिनं बोलणंच सोडलं.

चैत्र आला. द्वारकाबाईंनी ठरवलं — सूनबाईला माहेरी धाडायचं, कायमचं! साक्षीला भटजींना बोलावलं. तिन्हीसांज उलटली होती. बोचकं घेऊन अंगणात उतरलेल्या कावेरीनं सहज वर पाहिलं आणि थबकली. "सासूबाई! ती बघा, वसिष्ठाच्या अंगाला! दिसली!"

"आज दिसली? मग तेव्हा खोटं बोललीस की आज?"

भटजींनी उपरणं सावरलं. "बाई... मार्गशीर्षात संध्याकाळी सप्तर्षी उगवलेलेच नसतात. रीत म्हणून मी नुसतं बोट दाखवतो."

"अहो, मग लग्नात मला दिसली ती कोण?" द्वारकाबाईंनी विचारलं.

मुकुंदानं मान खाली घातली. "मलाही दिसली नव्हती, आई."

"तरी माझ्यावर संशय घेतलात?" कावेरीनं बोचकं काखेत मारलं. "आता मीच जाते. तुम्ही धाडता म्हणून नाही, इथं खरं बोलायची सोय नाही म्हणून!"

आणि गेली हो!

द्वारकाबाईंना घास गोड लागेना. आठवड्याभरात स्वतः विहिणीच्या दारात उभ्या राहिल्या. शेजारीपाजारी बघत होते, तरी मोठ्यानं म्हणाल्या, "कावेरी, मला काही दिसलं नव्हतं गं! सगळे म्हणाले म्हणून मीही म्हणाले. चल घरी."

कावेरीनं त्यांना आधी पाणी दिलं. मग बोचकं बांधलं.

आता तुमच्याकडे वळतो! न पाहिलेल्याला 'दिसलं' म्हणून कुणा खऱ्या माणसाला आपण खोटं पाडलंय का? आठवा! आणि ज्यांना लग्नात अरुंधती दिसली नव्हती, त्यांनी देवाला साक्ष ठेवून टाळी वाजवा!

वा, वा! मांडव दणाणला!

काय हो पाटील, तुमचे हात मांडीखाली का?