पाहुण्याला मारायचं कधी?

"मारायचं, ते जेवणाआधी की जेवणानंतर?" दादानं आईला विचारलं, बरं का. एका जुन्या विलायती नाटकात सरदार घरी उतरलेल्या राजाचा खून करतो. दादा त्यावरून सिनेमा लिहीत होता. राजाचा केला सोन्याचा तस्कर, आणि किल्ल्याचं केलं रनाळ्यातलं आमचं घर.

आई भडकलीच. "पाहुणाले जेवाडीसन मारस? पाप शे!"

"मंग उपाशी मारू?"

"मन्हा घरमाईन कोनी उपाशी जात नही!"

गोष्ट तिथेच अडली. गेल्या महिन्यात दादा तापानं गेला. मी दुसरी नापास, पण काल राहवेना, त्याची सिनेमाची वही उघडली, गोष्ट पुढे लिहिली. आईसाठी पाहुण्याला पोटभर जेवू घातलं, वेशीपर्यंत पोचवलं, आणि दादासाठी तिथं मारलं.