सतरा वर्षांनी लागलेला नंबर

इर्बिद शहरातल्या सरकारी नोकरभरती कचेरीत म्हातारे अबू नायिफ नातीचा अर्ज घेऊन बसले होते. शेजारी मुतसिम नावाचा टकला गडी होता, त्याच्यापलीकडे एक अनोळखी मावशी. अबू नायिफांनी डोळे मिटले, कान मात्र उघडे ठेवले.

"कधी नाव घातलं होतंस रे, बाळा?"

"सतरा वर्षांपूर्वी, मावशी. आज नंबर लागला. सरकारी गोदामात कारकून!"

"अल्लाहची कृपा! तोवर काय, बसूनच होतास?"

"सासूबाई सगळ्यांना तसंच सांगतात. फलाफलच्या वड्यांचं दुकान आहे माझं. सात माणसं आहेत कामाला. त्यातला एक सासूबाईंचाच मुलगा."

"अगं बाई! मग आता दुकान?"

"बंद. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही. सासूबाईंनी सकाळीच गल्लीभर कुनाफ्याची मिठाई वाटली."

"आणि त्यांच्या मुलाचं काय?"

"ते अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही."

"मी आज लेकाचं नाव घालायला आलेय. नंबर लागेपर्यंत त्याचं टक्कल पडेल की रे!"

"माझं पडलंच."

"मग तोवर त्याला पोसणार कोण? तू तर दुकानाला कुलूप लावतोयस."

तेवढ्यात खिडकीतून हाक आली, "मुतसिम! कागद आणा!"

मुतसिम उठला आणि दाराकडे निघाला.

"अहो, खिडकी इकडे आहे!"

"ठाऊक आहे, साहेब. उद्याच्या फलाफलसाठी हरभरे भिजत घालायचे राहिलेत. मावशी, लेकाला पहाटे पाचला दुकानावर कामाला पाठवा."

"अरे, पण सासूबाईंना काय सांगशील?"

"सांगेन, तुमच्या मुलाची नोकरी वाचवून आलो!"