मास्तरांनी पाठवलेला माणूस

आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या, सत्कारमूर्ती मास्तर आणि त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, तुरुंगाच्या कार्यशाळेतील अधिकारी व कर्मचारी, आणि पुढच्या खुर्च्या रिकाम्या असताना आपण होऊन मागच्या भिंतीला टेकलेले मास्तरांचे जुने विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

मी दारं-खिडक्या बनवण्याचा लहानसा कारखाना चालवतो. बोलण्याची सवय नाही. गावच्या शाळेत भाषणाला उभं केलं की मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायचो. आज पायात बूट आहेत, एवढाच फरक.

मास्तरांनी सव्वीस वर्षं आतल्या माणसांना सुतारकाम शिकवलं. पण शिकलेला माणूस बाहेर आला की पुढे काय? प्रमाणपत्रावरचा शिक्का कुठला आहे ते दिसल्यावर त्याखालचे गुण कोण वाचतो? म्हणून मास्तर सुट्टीच्या दिवशी कारखान्यांचे उंबरे झिजवायचे. वहिनी म्हणतात, आमच्या मुलीसाठी स्थळं पाहायलासुद्धा हे इतके फिरले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ते माझ्याकडे आले. एक माणूस नऊ वर्षांनी सुटला होता. हात उत्तम, बोलणं कमी, माझ्या शब्दावर ठेवून घ्या, म्हणाले. मी ठेवला. माझी अट एकच, तो कुठून आला हे आम्हा तिघांतच राहावं. त्या दिवशी देवापुढे उभा राहिलो तेव्हा, खरं सांगतो, माझी मान जरा ताठच होती.

त्याची चौकट इतकी नेमकी बसायची की पोरांनी त्याचं नाव काटकोन ठेवलं. पॉलिशवाले काका तर त्याला चिडवायचे, अरे, एखाद्या सांध्यात फट राहू दे, ती बुजवायचं काम आम्हालाही पोटापाण्याला लागतं. तोही हसायचा.

फक्त एक गोष्ट होती. संध्याकाळी काम सुटलं की तो पटाशी, रंधा, करवत, गुण्या पुसून टेबलावर ओळीने मांडायचा आणि हात मागे बांधून उभा राहायचा. मी म्हणायचो, चला आता. मग निघायचा. मला वाटायचं, काय शिस्त आहे.

एकदा मी बहिणीकडे जायला दुपारीच निघालो. संध्याकाळी सगळे निघाले, हा उभाच. काकांनी विचारलं, कोणाची वाट पाहतोयस? तो म्हणाला, हत्यारं मोजून घ्यायची राहिलीत.

काकांचे मेहुणे तुरुंगात शिपाई होते. आत हत्यारं मोजून झाल्याशिवाय कोणालाही जागेवरून हलू देत नाहीत, हे काकांना ठाऊक होतं. मास्तर, नऊ वर्षं तुम्ही रोज मोजलीत. तुमचं काही चुकलं नाही. ती सवय सोडवायचं काम माझं होतं, आणि ती सवय आहे हेच मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलासमोर अकराची अकरा माणसं उभी. काटकोन मागे, दाराशी. काका म्हणाले, मालक, आमच्या बायकापोरी इथे डबा घेऊन येतात. हा तुरुंगातून आलाय, हे तुम्हाला माहीत होतं का?

आता मला सांगा, उत्तर किती सोपं होतं? माहीत होतं, मीच ठेवला, माझी जबाबदारी. चार माणसं कुरकुरली असती, दोन सोडून गेली असती. पण मोठी ऑर्डर हातात होती. मी म्हणालो, मला काय माहीत? मला कोणी सांगितलंच नाही.

मग दाराशी उभा असलेला तो माणूस शांतपणे म्हणाला, "मालकांना माहीत नव्हतं. मी लपवलं होतं."

आणि डबा उचलून गेला.

पुढच्या रविवारी मास्तर विचारायला आले. मी म्हणालो, तो आपणहून सोडून गेला. शब्दशः पाहिलं तर हे खोटं नव्हतं. मास्तर माझ्यासमोर ओशाळले. माझ्या माणसाने तुमचा विश्वास मोडला, असं म्हणून त्यांनी माझी, माझी, माफी मागितली. मी ती घेतली. चहासुद्धा पाजला. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे कोणाला पाठवलं नाही, आणि त्या माणसाचं नाव काढणंही सोडलं. आजच्या निमंत्रणाच्या यादीतही तो नाही.

मागच्या आठवड्यात मी त्याला शोधून काढलं. सिमेंटच्या गोदामात पोती उतरवतो. मी म्हणालो, परत ये, सगळ्यांना मी स्वतः सांगतो. त्याने हाताची धूळ झटकली. मग म्हणाला, "नोकरीचं राहू द्या, मालक. मास्तरांना तेवढं खरं सांगा. त्यांना वाटत असेल, मी त्यांचा शब्द घालवला."

मास्तर, त्याने तुमचा शब्द घालवला नाही. तो मी घालवला.

अध्यक्ष महोदय, सत्काराच्या दिवशी हे बोलायचं नसतं, हे मला कळतं. पण मास्तर उद्यापासून कार्यशाळेत नसतील, आणि त्याचा निरोप एवढा एकच होता. आपण मला ऐकून घेतलंत, आपले आभार मानतो. मास्तरांना आणि वहिनींना देव उदंड आयुष्य देवो. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं. बाकीचं पोटात घाला म्हणायचा मला अधिकार नाही.