नाकाजवळचा डाग

अंधारा! अंधारा म्हणे फोटो! अहो, सूर्य बुडत चाललाय, तोही नेमका विमानाच्या पाठीमागे, मी कुंपणाच्या जाळीला गाल चिकटवून उभा... फोटो अंधारा नाही येणार तर काय भर दुपारसारखा लखलखीत येणार? उजेड काय माझ्या बापाचा आहे?

तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा काढता आला असता ना, तर मी अवाक्षर काढलं नसतं. पण ते विमान त्या संध्याकाळी शेवटचं उतरलं. तिथून थेट भंगारात! आणि आमचा मेहुणा त्याच विमानाचा मेकॅनिक. उमेदीची सगळी वर्षं त्याच्या पोटाखाली उताणं पडून काढली त्यानं. मला एवढंच म्हणाला, "भावोजी, ती विमानांच्या फोटोंची साइट आहे ना तुमची, तिच्यावर आमच्या म्हातारीचा शेवटचा फोटो लागू द्या. बाकी काही मागत नाही." म्हातारी म्हणजे विमान हो!

आता त्या साइटवर असा कुणाचाही फोटो लागत नाही. तिथे परीक्षक बसलेत. चेहरा नाही, नाव नाही, नुसता शेरा. पहिला शेरा, "अंधारा." उजळला. दुसरा, "दाणेदार." अहो, काळोखातला फोटो ओढून ताणून उजळला की वाळू फेकल्यासारखे दाणे दिसणारच! बरं, तेही घालवले. तर म्हणे, "मऊ." मऊ?? विमान आहे की उशी? कडा धारदार केल्या, तर "कडा कृत्रिम." त्या सौम्य केल्या, तर "क्षितिज वाकडं." अरे, धावपट्टीच उताराची आहे, तिच्याखाली जॅक लावू का मी?

बायको येता-जाता डोकावणार, "काय, पाडलात का आज उजेड?"

मी ओरडलो, "उजेड काय माझ्या बापाचा आहे?"

"मामंजींना मध्ये आणू नका," म्हणाली आणि गेली.

मग आला तो शेरा. "नाकाजवळ डाग. काढा." आता कॅमेऱ्यात धूळ गेली की फोटोत ठिपके येतात, ते पुसायचे असतात, हे मला काय ठाऊक नाही? पण मी इतका पिसाळलो होतो, की दिसेल तो ठिपका पुसत सुटलो. नाकाजवळचा पुसला, ढगातला पुसला, लांबवर एक पक्षी उडत होता, तोही गेला बिचारा! पाठवला... आणि लागला! वर शेरा काय, "कठीण उजेडात उत्तम काम." मी खुर्चीतच दोन गिरक्या घेतल्या.

मेहुण्याला बोलावला. पडद्यासमोर बसवला. त्यानं चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला...

"भावोजी, हे कुठलं विमान?"

"अरे, कुठलं काय? तुझी म्हातारी!"

"मग तिच्या नाकावरचं ठिगळ कुठंय? पक्षी आदळून पोचा आला होता. मी स्वतः पत्रा ठोकून बसवलेला, भावोजी. तिच्या अंगावर माझं म्हणून तेवढंच होतं."

आता बोला! मी सरळ परीक्षकांना लिहिलं, बाबांनो, तो डाग नव्हता, ठिगळ होतं, चुकून पुसलं, आता ठिगळासकट खरा फोटो पाठवतोय, तो लावा. उत्तर ताबडतोब! "फोटोत फेरफार. लावलेला फोटो काढला आहे. सहा महिने बंदी." फेरफार!! आणि 'डाग काढा' कोण म्हणालं होतं? माझा काका?

शेवटी पहिलाच फोटो, हात न लावलेला, दुकानातून मोठा छापून आणला आणि मेहुण्याच्या हातात दिला. नीट बघितलं की त्या काळोखातही ठिगळ दिसत होतं. त्यानं त्याच्यावरून अंगठा फिरवला. डोळे भरून आले त्याचे. माझेही, खोटं कशाला सांगू? मग त्यानं नाक ओढलं आणि म्हणाला,

"झकास आलाय हो... फक्त भावोजी, जरा अंधारा नाही वाटत?"

मी म्हटलं, "वाटतो रे. खिडकीपाशी नेऊन बघ."