पेशाच्या रकान्यात काय लिहावं

आदरणीय अध्यक्षसाहेब, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले कारखान्याचे व्यवस्थापक, डाव्या हाताला बसलेल्या आपल्या नोंदणीबाई, पुढच्या रांगांतले या नोकरी कार्यालयाचे आजी-माजी कर्मचारी, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, कामाच्या शोधात आलेल्या माझ्या मुलामुलींनो, सर्वांना नमस्कार. तुम्हाला खुर्च्या पुरल्या नाहीत. आत येताना एक मुलगी म्हणाली, "काका, जागा इथेही भरलेल्याच!" मला हसू आलं आणि लगेच गेलंही.

पहिल्यांदा माफी मागतो. नोंदणीबाईंनी हे भाषण गेल्या सोमवारपर्यंतच लिहून मागितलं होतं, म्हणजे त्या नजरेखालून घालणार होत्या. मी ते आज दुपारी अडीच वाजता लिहून संपवलं आणि साडेतीनला इथे आलो. लिहायला इतका उशीर केला याबद्दल बाईंनी मनात राग ठेवू नये. दुसऱ्याचा अर्ज मी सात मिनिटांत भरतो. हे चार कागद भरायला मला अकरा दिवस लागले.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. मी या कार्यालयाचा नोकर नाही. जिन्याखाली एक टेबल, दोन स्टुलं आणि मी, असे आम्ही चौतीस वर्षं तिथे आहोत. शिक्षण सातवी, तेही रडतखडत. पण अक्षर बरं होतं, म्हणून ज्यांना लिहिता येत नव्हतं किंवा फॉर्म बघूनच ज्यांना घाम फुटायचा, त्यांचे फॉर्म मी भरून देत आलो. आता हे कार्यालय शुक्रवारी बंद होतंय. पुढचं सगळं मोबाईलवर. जिन्याखालच्या टेबलाला कुणी विचारणार नाही, म्हणून हा निरोप आणि हे मानपत्र.

मानपत्रात लिहिलंय की मी हजारो घरांतल्या चुली पेटवल्या. व्यवस्थापकसाहेबांनी ते वाचलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, म्हातारा विनयशील आहे. विनय कसला घेऊन बसलात!

मला विषय दिलाय 'बदलता नोकरीबाजार आणि तरुणांना मार्गदर्शन'. बाजारात काय बदललं ते मोठमोठे लोक आकड्यांनी सांगतील. मी जिन्याखालून जे पाहिलं तेवढंच सांगतो. मी बसायला लागलो तेव्हा कारखान्याचं पत्र यायचं, 'वीस माणसं पाठवा'. पुढे यायला लागलं, 'वीस अनुभवी माणसं पाठवा'. मग, 'अनुभवी माणसं पाठवा, अकरा महिन्यांसाठी'. मग पत्र यायचं ते कारखान्याचं नसायचंच, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचं असायचं. आणि आता पत्रच येत नाही. परवा एक शिकलेली मुलगी सांगत होती, तिने वर्षभरात दोनशे चाळीस ठिकाणी अर्ज केले. मी विचारलं, "काय उत्तर आलं?" म्हणाली, "काहीच नाही." पूर्वी निदान नकार तरी पोस्टाने यायचा. एक वायरमन होता, त्याने सव्वीस नकार फाईलला लावून ठेवले होते. म्हणायचा, "काका, सव्वीस साहेबांनी माझं नाव लिहिलंय." आता नाव तरी कोण लिहितो?

त्या काळी आत लाकडी कपाटं होती. प्रत्येक पेशाचा वेगळा खण. गवंड्यांचा, सुतारांचा, टर्नरचा. सगळ्यात खालचा खण रुंद होता आणि त्यावर चिठ्ठी होती, 'कोणतेही काम'. कारखान्याचा घाईचा निरोप आला की तेव्हाचे मोठे साहेब वाकून आधी तोच खण उघडायचे. "ही माणसं नखरे करत नाहीत," असं म्हणायचे. त्या खणातली माणसं भराभर कामाला लागताना मी डोळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला मी एकच सल्ला देऊ लागलो. बाबा रे, पेशाच्या रकान्यात पेशा लिहू नकोस. 'कोणतेही काम चालेल' असं लिही. पोरं मला 'चालेलकाका' म्हणायला लागली. मला त्याचं भूषण वाटायचं.

अकरा वर्षांपूर्वी माझे जावई त्या स्टुलावर बसले. लेथवर आठ वर्षं काढलेला माणूस. त्यांचं वर्कशॉप बंद पडलं होतं. नख कापावं तितक्या सहज ते लोखंड कापायचे.

मी विचारलं, "बापू, पेशा काय लिहू?"

"टर्नर लिहा की मामा. दुसरं काय येतं मला?"

"टर्नर लिहिलं तर टर्नरचंच बोलावणं येईल. 'कोणतेही' लिहिलं तर दहा दारं उघडी राहतील."

"मला दहा दारं काय करायची आहेत? एक उघडलं तरी पुरे."

"चौतीस वर्षं इथे बसलोय," असं म्हणालो नाही, कारण तेव्हा तेवीसच झाली होती. पण ऐट तीच. म्हणालो, "तुम्ही लोखंडातले, मी कागदातला. ऐका माझं."

माझी मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अहो, बाबा सांगतायत ना, लिहू द्या." आणि मी लिहिलं. 'कोणतेही काम चालेल'. छान, ठसठशीत अक्षरात.

बोलावणं आलं नाही. जावई गोदामात ओझी उचलायला लागले, मग एका इमारतीच्या दारावर रखवालदार झाले, मग तेही सुटलं. दर तीन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण मी स्वतः करून आणायचो. "बाजारच पडलाय बापू, तुमची काय चूक," असं म्हणायचो. ते पाण्याचा तांब्या उचलून द्यायचे मला.

महिन्यापूर्वी हे व्यवस्थापकसाहेब आमच्या कार्यालयात आले होते. त्यांना सहा टर्नर हवेत. कायमचे. अशी मागणी मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. ज्याची नोंदणी जुनी त्याला आधी बोलावणार, असं ठरलं. मी धावतच आत गेलो. धावत म्हणजे माझ्या गुडघ्यांना जमेल तसं. नोंदणीबाईंना म्हटलं, "बघा हो, आमचे जावई कितवे लागतात?"

बाईंनी कॉम्प्युटरवर टर्नरांची यादी काढली. एकसष्ट नावं. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं.

"काका, नाहीयेत हे."

"असं कसं? अकरा वर्षं आहेत की नोंदणीत."

त्यांनी नाव टाकून शोधलं. नाव निघालं. फॉर्मचा फोटोही निघाला. बाईंनी फोटो मोठा करून रकान्यावर बोट ठेवलं. "काका, कॉम्प्युटर पेशावरून शोधतो. इथे पेशाच लिहिलेला नाही. 'कोणतेही' लिहिलं की तो माणूस कुठल्याच यादीत येत नाही."

"खालच्या खणात बघा ना."

"खण कुठे राहिलेत आता? नऊ वर्षं झाली कपाटं जाऊन."

कपाटं गेली तेव्हा मी जिन्याखालीच होतो, मंडळी. ती माझ्या डोळ्यांसमोरून हमालांनी बाहेर नेली. मी टेबल जरा सरकवून वाट दिली. खालचा खण कुठे चाललाय हे मला विचारावंसं वाटलं नाही. बाईंचाही दोष नाही. त्या आल्या चार वर्षांपूर्वी. त्यांच्या आधीच्यांना वाटायचं, जागाच नाहीत. सगळ्यांनाच तसं वाटायचं.

मग बाईंनी आणखी एक यादी काढली. पेशाचा रकाना 'कोणतेही' असलेल्यांची. चार हजार एकशे बारा. त्या एकेक फॉर्म उघडून दाखवू लागल्या. पाच-सहा झाल्यावर हळूच म्हणाल्या, "अक्षर ओळखलंत का?"

हे मी जावयांना माझ्या घरी सांगितलं. रविवार होता, ते नातीच्या सायकलची साखळी बसवत होते. हात काळे झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "मामा, म्हणजे इतकी वर्षं मी रांगेत उभाच नव्हतो?"

साखळी बसवून पूर्ण केली, चाक फिरवून बघितलं, हात धुतले. दुसऱ्या दिवशी एका मित्राच्या ओळखीने दुसऱ्या शहरात काम बघायला गेले. पोहोचल्याचा मुलीला एक फोन आला. त्यानंतर मोबाईल बंद. आज तेवीस दिवस झाले. मित्र म्हणतो, इथून दोन दिवसांतच गेला, कुठे ते सांगितलं नाही.

अध्यक्षसाहेब घड्याळ बघतायत. उरकतो. पण गोष्ट इथे थांबवता येत नाही.

रकाना बदलता येतो, हे आम्हाला बापू गेल्यावर कळलं. नोंदणीची जुनी तारीखही राहते. पण बदलायला त्या माणसाच्या मोबाईलवर ओटीपी जातो, तो त्याने सांगावा लागतो. आणि शुक्रवारी पाच वाजता जुनी नोंद नव्या ठिकाणी जाणार. ज्यांच्या रकान्यात पेशा नाही, ते पुढे जाणार नाहीत. त्यांची सगळी वर्षं पुसली जाणार. बाई आणि मी रोज फोन लावतोय. निम्मे नंबर बंद. एक प्लंबर म्हणाला, "चालेलकाका का? आता काय चालेल म्हणता?" आणि हसला. खूप वेळ हसला. एका बाईंनी सांगितलं, "ते गेले हो, दीड वर्ष झालं. तुमचं बोलावणं येईल म्हणायचे." नंबर खोडला. आजपर्यंत दुरुस्त झाले तीनशे सव्वीस.

तेव्हा मुलांनो, मार्गदर्शन. मी कोण तुम्हाला मार्ग दाखवणार? तरी विषय दिलाय म्हणून सांगतो. हाताला जे येतं त्याचं नाव लिहा. यंत्राचं नाव लिहा, किती वर्षं चालवलं ते लिहा. 'काहीही करीन' हे आईला सांगा, फॉर्मला सांगू नका. स्वस्तात मिळतं म्हणून दर सहा महिन्यांनी मोबाईलचा नंबर बदलू नका. मधली दोन वर्षं घरी बसला असाल तर तसं लिहा, लपवाल तर पुढे तेच विचारतील. कारखान्यात जागा आहे का हे साहेबाच्या आधी गेटवरच्या माणसाला कळतं, त्याच्याशी दोन शब्द बोला. आणि म्हाताऱ्यांचा सल्ला घेताना विचारा, "काका, हे तुम्ही शेवटचं कधी तपासलंत?" मला हे कुणी विचारलं नाही. मीच स्वतःला विचारलं नाही.

एवढं करून नोकरी मिळेल का? मला माहीत नाही. खोटा धीर देण्याचं माझं वय आणि माझी पत, दोन्ही संपली आहेत.

अध्यक्षसाहेब, आता एक विनंती. शुक्रवारची तारीख आठ दिवस पुढे ढकला. बाईंनी ही ओळ वाचली असती तर मला खोडायला लावली असती, कागद उशिरा आणण्याचं खरं कारण हेही आहे. तारीख वरून आली आहे, तुमच्या हातात नाही, हे तुम्ही मगाशी चहा पिताना सांगितलंत. तरी चारचौघांत पुन्हा विचारतोय. तुम्ही मान हलवताय. 'नाही' असंच ना? बरं. निदान हा नकार समोरासमोर मिळाला.

व्यवस्थापकसाहेब, तुमच्याकडे मी वशिला लावत नाही. नाव यादीत आलं तर नंबराप्रमाणे बोलवा, एवढंच. बाईंनी मोजून सांगितलंय, रकाना बदलला तर आमचे बापू तिसरे येतात. सहात तिसरे.

मंडळी, तुमच्या गल्लीत, ओळखीत, नात्यात कुणी असेल ज्याचा फॉर्म जिन्याखालच्या काकाने भरला होता, त्याला आजच घेऊन या, किंवा त्याचा चालू नंबर आणून द्या. शुक्रवारपर्यंत मी सकाळी आठपासून टेबलावर आहे. शिव्या द्यायच्या असतील तर आधी रकाना बदलून घ्या, मग द्या.

माझा सन्मान केलात, आभारी आहे. हे मानपत्र मी घरी नेणार नाही, बाईंकडेच राहू द्या, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. अडाणी माणूस आहे, बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला टोचलं असेल, तर पोटात घाला. लिहिण्यातल्या चुकांची माफी मागायला मला तोंड नाही, ती बोलण्यातल्या चुकांचीच मागतो.

पहिल्या रांगेतल्या टायपिस्टबाई हे मोबाईलवर घेतायत. कुठे कुठे पाठवणार आहेत म्हणे. बाई, जरा हात स्थिर धरा.

बापू, मी बोलतोय. माझ्याशी बोलू नका, मला मामाही म्हणू नका. मोबाईल चालू करा, सहा आकडे येतील, ते माझ्या लेकीला सांगा. शुक्रवार, पाच वाजेपर्यंत. आणि आकडे सांगायचे नसतील, तिथेही तुमची मर्जी. मग कुठे आहात तेवढं तिला कळवा. जेवलात का, ते कळवा. ती दारात येऊन उभी राहते हो. लवकर कळवा.