एक झोपेल, एक बसेल

थांबा भाऊ, येते बाहेर, घाई करू नका — गुडघे माझं ऐकत नाहीत. तंबूत आडवं होऊन बघत नाही का कोणी तुमच्याकडे? आमच्याकडे बघायचे. आमचे हे खाटा बनवायचे ना, गिऱ्हाईक निजून बघितल्याशिवाय खाट द्यायची नाही असा त्यांचा नेम. लोक हसायचे. हसेनात का, एक खाट परत आली नाही कधी. तर हा स्वस्तातला — निजलं की कापड नाकाशी येतं. निजणाऱ्याला चालेल, त्याला कुठं उठायचंय. पण बसलं की मान अशी होते बघा, कोंबडीसारखी. हसलात ना? हसा.

दोन माणसांचा म्हणता तुम्ही. ती दोन झोपणारी. मला एक झोपणारं हवंय आणि एक बसणारं — हां, रात्रभर. मी बसणार. आणि उशाशी एक टाकी राहायला हवी, माझ्या कमरेइतकी. पाण्याची कशाला? ऑक्सिजनची. माझ्या थोरल्याला लागते, नाकात नळी असते.

किती वेळा वापरणार, किती वेळा वापरणार — दुसऱ्यांदा विचारलंत. खरंय तुमचं, वर्षावर्षाला जाणाऱ्यानं तो महागातला घ्यावा, एकदाच जाणाऱ्यानं हा. थोरलाही तेच म्हणाला, मी चपला घालत होते तेव्हा. म्हणाला, आई, स्वस्तातला आण, एका रात्रीसाठी बंगला नको बांधूस, नंतर त्याच्या पिशव्या शिव. असलंच बोलतो, लहानपणापासून. मी बरं म्हणाले. डॉक्टरीणबाई आधी किती पथ्यं सांगायच्या — हे नको, ते नको, थंड वारा तर नकोच. परवा म्हणाल्या, न्या, म्हणेल तिथं न्या, मागेल ते द्या. मी घरी आले आणि पडदे धुवायला काढले. स्वच्छच होते पडदे.

रंगारी आहे तो. समुद्रावरच्या त्या सगळ्या हॉटेलांच्या खिडक्या त्यानं रंगवल्या — तोंड भिंतीकडे, पाठ पाण्याकडे. आता म्हणतो, एक रात्र तिकडे तोंड करून झोपू दे. रंगानंच छाती गेली असं शेजारी म्हणतात. असेल. मी विचारायला गेले नाही.

वाळूत खुंट्या धरत नाहीत, पिशव्यांत वाळू भरून पुरायच्या — कळलं, माझा भाचा पुरेल. पण हा स्वस्तातला वाऱ्यात फडफडतो म्हणालात, खूप का? म्हणजे आत बसलेल्याला दुसरं काही ऐकू येणार नाही इतका? मग तो नको भाऊ. मला त्याचा श्वास ऐकू यायला हवा. मी बसणार आहे ती त्यासाठीच.

त्या दुसऱ्याचं सांगा. पाच वर्षांची हमी. कशाची — कापडाची. हं. कापडाची. चांगलं आहे.

काय म्हणालात? वापरून परत आणून द्या, पैसे देतो? नको. तुम्ही भले आहात, पण नको. वापरलेली खाट आम्हीही परत घेतली नसती. आणि असे बघू नका माझ्याकडे, तुमचं ते पलीकडचं गिऱ्हाईक ताटकळलंय.

महागातलाच बांधा. ओरडेल तो. तुला काय सांगितलं होतं, म्हणेल. हल्ली बोलतो ते तोंडाशी कान नेल्याशिवाय कळत नाही भाऊ, पण पैशावरून चिडला की आवाज अजून पहिल्यासारखा येतो, पार दारापर्यंत.

अहो, ती किमतीची चिठ्ठी काढू नका. वरच राहू द्या, दिसेल अशी. बांधा.