दलियाची पेज निघत नाई

...आन वरून बायको मले इचारते, कसा झाला? अवं, कसा झाला म्हणजे? दलिया का आज एक आन उद्या दुसरा होते? तो दलियासारखाच होते! सकाळी दलियाचा उपमा, दुपारी दलियाची खिचडी, संध्याकाळी दलियाचा पुलाव, आन इतवारी, जिवाले थोडा बदल पायजे म्हणून... दलियाची इडली! तुम्हाले सांगतो, सोंग बदलून आला म्हणून का मी त्याले ओळखणार नाई? दोन वर्सं झाले, तीन टाइम समोरासमोर बसून राह्यलो आम्ही दोघं, मी आन दलिया. भात कसा असते, भात पोटाले आपोआप समजते भाऊ. आत गेला का पोट म्हणते, या, बसा, घर तुमचंच हाये. दलिया पोटाले समजावून सांगा लागते. बाप्पा, हे बी जेवणच हाये, रुसू नको, पोरीनं सांगतलं हाये, बायको पाहून राह्यली हाये, घे गुमान!

आता तुम्ही म्हणान, एवढं का त्या भाताचं? तुम्ही बाहेरचे, तुम्हाले कोण सांगन. मूल गावाच्या पुढं निघा, जिकडं पाहान तिकडं धानाच्या बांध्याच बांध्या, आन मधामधात जंगल. आमच्या इकडं माणूस चार पोळ्या खाऊन उठला ना, त्याले लोक इचारते, काऊन, आज जेवत नाई का? आन अशा मुलखात मी कोण? मी मुखरू! लग्न असो, तेरवी असो, नामकरण असो, आजूबाजूच्या बारा गावात मोठ्या गंजातला, म्हणजे पंगतीच्या पातेल्यातला, भात उतरवाचा त मुखरूभाऊनंच, चाळीस वर्सं झाले. आन आम्ही पाणी मोजत नाई. मोजते ते कुकरवाले. आमचं काम सरळ, गंजभर उकळतं पाणी, त्यात तांदूळ, शीत बोटात दाबून पाहाचं, जमलं का चौघांनी गंज धरला आन बांबूच्या टोपल्यात केला उपडा. पेज खाली परातीत, भात वर टोपल्यात, एका शीताले दुसरं शीत चिकटलं नाई पायजे. तिकडं पाव्हणे पंगतीत बसले असते, नवरीचा बाप दहादा डोकावून जाते, आन मी टोपल्यावरचा दुपट्टा उचलतो... वाफ! तवा नवरदेवाकडं कोणी पाहत नाई, खरं सांगतो.

आन मंग शुगर निघाली.

डॉक्टर म्हणते, भात बंद. मी म्हटलं, साहेब, दुसरं काही बंद करा ना, बिडी बंद करतो. ते म्हणते, तुम्ही बिडी पेता? मी म्हटलं, नाई, पण सुरू करून बंद करतो! नाई जमलं. माही पोरगी नंदिनी, ते ऊर्जानगरले नर्स हाये, ते त्याच इतवारी पिशवी घेऊन हजर. म्हणे, बाबा, हा दलिया. गहूच हाये, फक्त दळताना जाडा ठेवलेला. म्हणजे चक्कीवाल्यानं काम अर्धवट सोडलं, आन ते मी पोटात पुरं कराचं? पण नंदिनीपुढं कोणाचं चालते? तिची माय गिरजा, माही बायको, तिनं त्याच दिवशी तांदळाचा डबा वरच्या फळीवर नेला आन खालच्या फळीवर दलिया आणला. माह्या घरातलं राज्य बदललं, मले कोणी इचारलं बी नाई.

पण मी का सोडतो? घरी बंद, लग्नात त चालू! आता भात झाला का नाई हे पाहाले शीत पाहा लागते का नाई? पहिलं शीत पाहिलं, थोडं कच्चं वाटलं. दुसरं पाहिलं, शंका आली. मंग म्हटलं, एका जागचं शीत पाहून चाळीस किलोचा अंदाज कसा घ्याचा, चारी कोपऱ्यातलं पाहा लागते. गंज गोल असते, त्याले कोपरे नसते, ते वेगळं. मंग एक मूठ पाहिली. मंग वरण टाकून पाहिली, कारण लोक का कोरडा भात खाते? असं एक वर्स मस्त चाललं. पण नंदिनी पक्की! तिनं एका दिवशी माहे शुगरचे रिपोर्ट आन घरातल्या लग्नपत्रिका समोरासमोर मांडल्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शुगर चढलेलीच! मी म्हटलं, डीजेच्या आवाजानं चढत असन. गिरजानं माहा शीत पाहाचा लांब दांड्याचा सराटा उचलला आन तांदळाच्या डब्याजवळ वरच्या फळीवर ठेवून देला. म्हणे, आजपासून गंजाजवळ जाचं नाई.

आता हे कवा? वामनरावच्या पोराचं, रोशनचं, लग्न एका महिन्यावर आलं तवा! वामनराव माहा लहानपणचा दोस्त. त्याच्या लग्नात मी आयुष्यातला पहिला गंज उतरवला होता, माह्या हाताले फोड आले होते, आन त्याच्या बापानं सगळ्या पंगतीत उभं करून म्हटलं होतं, पोट्ट्याच्या हातात भात हाये. आन आता त्याच्या पोराच्या लग्नात मी पंगतीत दलियाचा डबा घेऊन बसू? आन भात उतरवणार कोण, त अंकुश! तो केटरिंगवाला! जो भातात तेल टाकते, मोकळा व्हावा म्हणून! मले तीन दिवस झोप नाई. चौथ्या दिवशी मी गिरजाले म्हटलं, पाहा, दलिया खातो, दोन टाइम जास्त खातो, पण वामनच्या घरचा गंज माह्या हातून जाऊ देऊ नको. माह्या डोळ्यात पाणी आलं होतं, लपवाचं कशाले.

तिनं इचार केला. आन एक अट टाकली. नंदिनी आमच्या विहाराच्या सभागृहात शुगर तपासणीचं शिबिर घेणार होती. सकाळी उपाशीपोटी रक्त, मंग लोकाइले दलियाचं जेवण, मंग दोन तासानं परत रक्त. तो दलिया तुम्ही शिजवाचा, म्हणे. दीडशे ताटं. एकाबी ताटात उष्टं राह्यलं नाई, त जा भात उतरवाले. राह्यलं, त गंज कायमचा सुटला. मले हासू आलं! दीडशे ताटं म्हणजे माह्यासाठी सकाळचा चहा! लागली पैज!

नंदिनी म्हणे, बाबा, दलिया आधी कोरडाच भाजून घ्या, आन पाणी एकाले तीन, मोजून. मोजून! मले! तू पाळण्यात होती तवा बाबा पाचशे माणसाचा भात डोळे मिटून उतरवत होता. मी केलं चाळीस वर्सं करत आलो तसं. गंजभर पाणी, उकळी, दलिया आत. शीत पाहाले गेलो, त दलियाले शीतच नाई! बारीक बारीक कण, बोटात धराचं काय? म्हटलं, अजून उकळू द्या. पाणी कमी झालं. टाकलं अजून. तो पेऊन गेला. अजून टाकलं. तो पेऊनच राह्यला! बाहेर दीडशे माणूस सकाळपासून उपाशी, रक्त देऊन बसलेला, दंडाले कापूस लावून माह्याकडं पाहून राह्यलेला. वामनराव त खिडकीतून डोकं घालून, काऊन मुखरू, आज देतं का उद्या?

उचला म्हटलं गंज. चौघांनी धरला, केला टोपल्यात उपडा. खाली परात पेजीसाठी तयार. आम्ही थांबलो. परातीत पेज नाई. थोडं थांबलो. थेंब नाई! मी म्हटलं, गंज वर घ्या. घेतला... आन तुम्हाले सांगतो, दलिया गंजाच्या आकाराचा तसाच्या तसा उभा! आमच्या गंजाले एका बाजूनं पोचा हाये, तो पोचा बी दलियाले! वामनराव खिडकीतून म्हणते, याले आता पाणी मारत राहा लागन सात दिवस. लोक हासले. मी हासलो नाई. टोपल्याजवळ उभा राह्यलो, चाळीस वर्साचं नाव समोर थंड होऊन राह्यलं होतं. पैज गेली, गंज गेला, वामनच्या घरचं लग्न गेलं. पोटाले समजावून सांगणं राह्यलं बाजूले, हा दलिया मलेच समजला नाई.

आन तवा गिरजा आत आली. तिनं टोपला पाहिला, परात पाहिली, माहं तोंड पाहिलं. आता पाहा, तिले कराचं काय होतं? काहीच नाई! नुसती उभी राह्यली असती त पैज जिंकली असती, जलमभर माहा भात बंद. तिनं पदर खोचला आन बायाइले हाका मारल्या. तो ढिगारा बोटाएवढ्या वड्यात कापला. कांदा, मिरची, कोथिंबीर, शेंगदाण्याचा कूट वरून दाबला, चार घरचे मोठे तवे आणून थोड्या थोड्या तेलावर दोन्हीकडून खरपूस भाजल्या, आन जवसाची चटणी सोबत. मी म्हटलं, मी काय करू? गिरजा हळूच म्हणे, "गंजाजवळ ऐटीत उभे राहा. लोकाइले वाटलं पायजे, तुम्हाले असंच कराचं होतं."

मी उभा राह्यलो. ऐटीत. पण आतून लाज वाटली भाऊ, खरं सांगतो. मी वर्सभर तिच्यापासून शीतं लपवून खाल्ली, आन गिरजा माहं नाव वाचवाले सोताची पैज हारून राह्यली.

पंगत बसली. सकाळपासून उपाशी माणूस, समोर गरम वडी, उष्टं कोण ठेवते? ताटं धुतल्यासारखे! वामनरावनं तीनदा मागितली. सगळे म्हणे, मुखरूभाऊ, दलियाची वडी तुमच्याच डोक्शातून निघू शकते. मी म्हटलं, होच ना, आधी टोपल्यात बसू द्या लागते, त्याची बी एक रीत हाये! गिरजा तव्याजवळ तोंडाले पदर लावून बसली होती. आन त्याच शिबिरात नंदिनीनं कागद वाचला, वामनराव, उपाशीपोटी दोनशे साठ. वामनचा हात चौथ्या वडीवर तसाच राह्यला.

म्हणजे मी जिंकलो! गिरजानं शब्द पाळला, सराटा फळीवरून काढून माह्या हातात देला. लग्नाच्या दिवशी मी नवा दुपट्टा खांद्यावर टाकला, सराटा घेतला, सकाळी सहाले वामनच्या मांडवात हजर. दोन भट्ट्या लागल्या होत्या. मी भाताच्या भट्टीकडं निघालो, त वामन आडवा आला, माहे दोन्ही हात धरले. "मुखरू, भाताले अंकुशले सांगतलं हाये. मले शुगर, मावसभावाले शुगर, व्याह्याले शुगर. मोठ्या गंजात तुह्या हातचा दलिया पायजे."

त्याच्या बापानं म्हटलं होतं, पोट्ट्याच्या हातात भात हाये. मी बसलो दलियाच्या गंजापुढं. यावेळी कोरडा भाजला. पाणी मोजलं, एकाले तीन, आयुष्यात पहिल्यांदा, नंदिनी मागं उभी राहून मोजून राह्यली होती. गाजर टाकलं, मटर टाकले, मोकळा मोकळा शिजला. बाजूले अंकुशच्या एचएमटी तांदळाची वाफ सरळ माह्या नाकात येऊन राह्यली. मी तिकडं पाहिलं नाई. झाला का ते पाहाले मी सराट्यावर थोडा दलिया घेतला. थोडा कच्चा वाटला. परत घेतला, शंका आली. मंग इकडच्या बाजूचा पाहिला, तिकडच्या बाजूचा पाहिला, मंग एक मूठ पाहिली.

मागून गिरजाचा आवाज आला, "अजी, चारी कोपरे झाले का पाहून?"

आन तवा माह्या ध्यानात आलं, भाऊ... एवढा दलिया गेला आत, आन मी पोटाले काहीच समजावून सांगतलं नव्हतं! साठ वर्सं याले भात खाऊ घातला, एचएमटी खाऊ घातला, पत्रिका पाहून लग्नं खाऊ घातले, आन हे लेकाचं पोट मले न इचारता बायकोच्या बाजूनं झालं!